वनमालाबाईंची वेणी

"बाई, रडायचं तर मोकळेपणी रडा. शेक संपायला अजून वेळ आहे."

पडद्यापलीकडून पुरुषाचा आवाज आला आणि वनमालाबाई चपापल्या. मुलुंडच्या त्या दवाखान्यात शेक घ्यायच्या दोन खाटांमध्ये नुसता एक पडदा. इकडे त्यांचा आखडलेला खांदा, तिकडे कुणाची तरी मान...

"मी रडत नाही. सर्दी झालीय."

"रोज दुपारी, बरोबर याच वेळेला?"

त्यांना हसू आलं. स्वतःचंच हसू त्यांना अनोळखी वाटलं.

आवाजाचं नाव विद्याधर साने. पोस्टातून निवृत्त, बायको गेलेली, मानेला वजन लावून पडलेले. "तुमच्याकडे बघणार नाही याची डॉक्टरांनीच सोय केलीय," असं म्हणायचे. वात्रट माणूस! पण वनमालाबाई दुपारची वाट बघू लागल्या. बाकी दिवसात वाट बघण्यासारखं होतं काय? रात्री कूस बदलता येत नव्हती, सकाळी उठावंसं वाटत नव्हतं. नवरा गेल्यावरही त्या इतक्या खचल्या नव्हत्या.

एके दिवशी त्या गप्पच होत्या.

"आज सर्दी नाही?" सान्यांनी विचारलं.

"आज सून केस कापायला नेणारेय. हात वर जात नाही, वेणी कशी घालणार? क्षमा बँकेत पळायच्या घाईत घालून देते, तिचाही जीव मेटाकुटीला येतो. मीच म्हटलं, काप बाई."

"मनापासून म्हणालात?"

"माझी आत्या विधवा झाली तेव्हा न्हाव्यानं तिचे केस उतरवले. मी दाराआडून बघत होते... आता माझी पाळी."

पलीकडे वजनं खाली ठेवल्याचा आवाज — आणि पडदा सरकला. गळ्यात पट्टा, हातात कंगवा.

"मला येते वेणी. ही अंथरुणाला खिळली होती तेव्हा मीच घालायचो."

"लोक बघतील, साने."

"बघू देत. माझी मान वळत नाही, मला काही ते दिसायचे नाहीत."

पेड सैल पडत होते. वनमालाबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

"दुखलं का?"

"नाही... खांदा नाही दुखला."

"रोज घालीन. तुम्ही हो म्हणालात तर."

"माझा हात आता एवढाच वर जाणार. दुखणं जायचं नाही म्हणतात डॉक्टर."

"माझी मान तरी कुठं सुटतेय? एकट्यानं कण्हायचा कंटाळा आलाय हो, वनमाला."

वनमालाबाईंनी वेणीचा शेंडा तेवढा डाव्या हातानं पुढं ओढून घेतला.

सोसायटीच्या फाटकाशी क्षमा पर्स घेऊन तयार उभी होती. "चला आई, पार्लर बंद होईल..." मग तिचं लक्ष गेलं. "वेणी कुणी घातली?"

खांद्यातून कळ उठली. नर्सनं, असं सांगता आलं असतं. तोंडावर आलंही होतं.

"सान्यांनी," वनमालाबाई म्हणाल्या. "मला आवडतात ते, क्षमा. केस राहू देत."