न निवलेला गोळा

तोफेचा गोळा उज्वलाच्या शेडमध्ये आला तेव्हा तिथे काम करणाऱ्या सुलाबाईंना हसू आवरेना.

"ह्याला गोळा म्हणत्यात? हे तर मुसळ हाय, ताई. वाटलं आपलं लाडवासारखं काही असंल."

नमुना घेऊन आलेले सावळीरामकाका जरा दुखावले. ते तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण फौजेतून आलेल्या प्रत्येकाला गाव मेजरच करून टाकतं, तसं त्यांनाही केलं होतं. त्यांनी नमुना टेबलावर उभा केला. "कवायतीचा हाय. आतून रिकामा. बिनघोर साचा काढा," ते म्हणाले आणि चहा न पिता गेले. उज्वलाच्या डोळ्यांत बघायचं त्यांनी शेवटपर्यंत टाळलं.

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यांमागच्या गल्लीत उज्वलाची फायबरची शेड होती. गणपती, बागेतले डायनासोर, रसवंतीच्या दारात उभा राहणारा बैल, जे सांगाल ते इथे निघायचं. हे काम मात्र सिन्नरजवळच्या तिच्याच गावचं होतं. गावाला एक जुनी, थकलेली तोफ मिळाली होती. ती शाळेसमोरच्या चौथऱ्यावर बसवायची, दोन्ही अंगांना गोळ्यांच्या प्रतिकृती उभ्या करायच्या, आणि मधल्या दगडावर रोहितचं नाव कोरायचं. रोहित म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तोफखान्यातच होता. गेल्या हिवाळ्यात तो बर्फाखाली गेला.

उज्वलाने काम घेतलं ते डायनासोरचं घेते तसंच. रंग कुठला, ऊन किती लागेल, पाणी आत शिरू नये म्हणून बूड कसं बंद करायचं, एवढंच विचारलं. वर्षभर तिचं असंच चाललं होतं. रडू येत नव्हतं आणि येत नाही याचं वाईटही वाटत नव्हतं. बसून बसून पाय बधिर होतो ना, तसं तिचं सगळंच बधिर झालं होतं.

रोहितची पेटी आली ती बंद. सोबतच्या जवानांनी हात जोडून सांगितलं, उघडू नका. खांदा द्यायला उज्वलाही पुढे झाली होती. पेटी हलकी लागली, पण हे ती कुणाला बोलली नाही. बोलून काय होणार होतं? दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवला नाही. कावळे होते, भिंतीवर ओळीने बसलेही होते, पण खाली एकही उतरला नाही. सगळ्यांनी आळीपाळीने हात जोडून पाहिले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि विषय मिटवला.

आईच्या, कलाबाईंच्या लेखी मात्र तो मिटला नव्हता. त्या रोज संध्याकाळी रोहितचं ताट मांडत. वाढत, समोर बसत, आणि मग ते गाईला नेऊन घालत. उज्वला समजावून थकली. शेवटी तोफेचं ठरलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याची जागा नीट उभी राहू दे. मग नाय मांडणार ताट." ह्या एका बोलण्यावर उज्वला कामाला लागली होती. आईचं ताट बंद व्हावं, एवढंच तिला हवं होतं.

गोळे चांगले निघाले. दोन अर्धी जोडायची, घासायची, आणि शेवटी बुडाची चकती चिकटवायची. चकतीचं काम सुलाबाईंचं. त्या मूळच्या इगतपुरीकडच्या. गणपतीचं बूड बंद करण्याआधी त्या आत मूठभर तांदूळ टाकत, माहेरचा इंद्रायणी. पोकळ वस्तू दारातून रिकामी पाठवायची नाही, हा त्यांचा नेम होता. डायनासोरच्या पोटातही त्यांनी तांदूळ घातले होते, आणि त्यावरून शेडमध्ये त्यांची पुष्कळ थट्टा झाली होती.

"सुलाबाई, अहो हे तोफेचे गोळे आहेत," उज्वला म्हणाली. "ह्यांना कसले तांदूळ?"

"पोकळ ते पोकळच, ताई. भावाच्या नावाचं रिकामं पाठवता का?"

उज्वलाने चकत्या त्यांच्यापुढे सरकवल्या. वाद घालायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते.

दुसऱ्या दिवशी तिने एकेक गोळा हलवून पाहिला. आत तांदूळ खुळखुळत होते. एकात मात्र आवाज नव्हता, आणि तो गरम होता.

यात नवल नव्हतं. रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर पडलं की माल तापतो, हात लावता येत नाही इतका तापतो. पण तासाभरात निवतो. हार्डनर जास्त पडलं असेल, तांदूळ आत चिकटले असतील, असं म्हणत तिने तो बाजूला ठेवला. पुढच्या सकाळी थंडीने पत्र्यावरून दव ठिबकत होतं आणि बाकीचे गोळे गारठले होते. हा तसाच होता. तापलेला नव्हे, ऊबदार. जेवण झाल्यावर पातेलं असतं तसा.

रंग दिला. तोही त्या एकावर लवकर वाळला. रंगाच्या वासाखालून आणखी एक वास येत होता. सुलाबाईंनी दोनदा मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "जेवणाचा डबा कुणी उघडलाय का?" कुणीच उघडला नव्हता.

गोळे टेम्पोतून गावी गेले. चौथऱ्यावर उभे केले, तेव्हा सावळीरामकाका बोटांच्या पेरांनी एकेक वाजवत आले. टक, टक, टक. त्या एकापाशी आवाज बुडाला. त्यांनी हात मागे घेतला आणि मग स्वतःही मागे झाले.

"हा भरलेला हाय," ते म्हणाले.

"मूठभर तांदूळ आहेत काका. सगळ्यांतच आहेत."

"मला नको शिकवू, पोरी. उभा जन्म भरलेले उचललेत." त्यांचा आवाज उतरला होता. "हा खाली घे. शेडवर परत ने."

तेवढ्यात कलाबाई आल्या. काही न विचारता त्या नेमक्या त्याच गोळ्यापाशी गेल्या, त्याला पाठ टेकून पायरीवर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. वर्षभरात उज्वलाने आईचा चेहरा इतका सैल पाहिला नव्हता. गोळा परत न्यायचा म्हटल्यावर त्या उठल्या, पदराने त्याचं टोक पुसलं आणि म्हणाल्या, "ने. तुझ्याकडंच यायचं आसंल त्याला."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी उज्वलाने ग्राइंडर लावून चकती कापली. सुलाबाई दारात उभ्या होत्या, आत येत नव्हत्या.

चकती निघाली आणि वाफ आली. भाताची. इंद्रायणीची.

आत तांदळाचा दाणा नव्हता. फायबरच्या भिंती कोरड्या होत्या, ताट बोटाने निपटून घ्यावं तशा स्वच्छ. गोळ्याच्या टोकाशी भाताचा एक घास ठेवलेला होता. हाताने वळलेला. मधोमध अंगठा दाबून केलेला खळगा.

उज्वला तो बघत राहिली.

ती नाशिकला कॉलेजात होती तेव्हा शेवटच्या एसटीने घरी पोचायची. रोहित जेवून झोपलेला असायचा. त्याच्या ताटाच्या कडेला त्याने वळलेला एक घास झाकलेला असायचा, मधे अंगठ्याचा खळगा, तूप घालायला. ताईचा घास. आई सोडून हे कुणाला माहीत नव्हतं.

फोन वाजला. आईचाच.

"उजू, काल ताट नाय मांडलं. आता नाय मांडायचं." आई शांत होती. "जेवला तो. पोट भरून जेवला."

उज्वलाने कापलेली चकती हातातून खाली ठेवली.

"तुझा ठेवलाय म्हणला. गार व्हायच्या आत खा."

तिने फोन ठेवला. घास तळहातावर घेऊन ती बाहेर आली आणि कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून मागे सरली. तारेवरचे कावळे आले. भिंतीवर ओळीने बसले. त्यांनी घासाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. शिवला एकही नाही.

"ताई, राहू द्या," सुलाबाई दारातून म्हणाल्या. "त्याला हात नका लावू."

उज्वलाने घास उचलला आणि खाल्ला. खाता खाता तिला रडू कोसळलं, वर्षाचं सगळं, अगदी हमसून. कावळे उडून गेले.

भात गळ्याखाली उतरला आणि पोटात जाऊन बसला. ऊबदार, गोल.

सकाळी जाग आली तेव्हा गारठा होता. तिचे हातपाय गार पडले होते. तिने पांघरुणातच पोटावर हात ठेवून पाहिलं. गोळा अजून निवला नव्हता.