क्विरीनची गाडी शुक्रवारी कुठं असते?

मे महिन्यातला रविवार. सकाळची मिस्सा आटोपून वेरेना चर्चच्या पायऱ्या उतरत होती, तोच मागून कुणीतरी अभिवादन केलं, "ग्र्युस गॉट... गाड्यांचं वायरिंग बघता त्या तुम्हीच ना?"

चर्चचा नवा ऑर्गनवादक, क्विरीन! कपाळावर घाम, काखेत स्तोत्रांची वही. "पलीकडच्या गावात अर्ध्या तासात मिस्सा आहे, आणि ही बया हूं की चूं करत नाही."

"बया म्हणू नका, रुसेल," असं म्हणत वेरेना ठेवणीतला झगा सावरून बॉनेटखाली वाकली. दिवे लख्ख, म्हणजे बॅटरी ठणठणीत. किल्ली फिरवली तर स्टार्टर गप्प. तिनं पर्समधून वीज तपासायचा टेस्टलॅम्प काढला.

"हा पर्समध्ये असतो?"

"लिपस्टिक विसरते मी. हा नाही."

इथवर वीज येतेय... इथवरही... आणि पुढं अंधार. स्टार्टरची बारीक वायर कुरतडलेली! "मार्डर," ती हसली. मुंगसासारखं ते लांबट जनावर उबेसाठी इंजिनात शिरतं आणि वायरी कुरतडतं, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक. वायर जोडली, गाडी गुरगुरली. क्विरीन तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला – आणि ती स्वच्छ झालेले हात उगाच पुसत राहिली.

त्या दिवसापासून पवित्र मरियेच्या संध्याकाळच्या भक्तीला वेरेना एकदाही चुकली नाही. क्विरीननं पहिला सूर लावला, की देवच हळूच दार लोटून आत आल्यासारखं वाटे. मग दोघं फाटकाशी थांबत. कधी तो गरम ब्रेझल, पिळाचा खारा पाव, आणे आणि मोठा अर्धा तिला देई.

दोन आठवड्यांनी गाडी पुन्हा अडली. या वेळी सेन्सरच्या वायरीच्या पार चिंध्या. वेरेना गोंधळली. मार्डर इतका पिसाळतो तो एकाच कारणानं – गाडी रात्री दुसरीकडे राहून तिला दुसऱ्या मार्डरचा वास लागला तर.

"रात्री गाडी कुठं असते?"

"घरासमोर." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... बहुतेक."

"आणि शुक्रवारी? दोन्ही शुक्रवारी भक्तीला तुम्ही नव्हतात."

तो बुटांकडे बघत राहिला. कुणीतरी आहे तर! मग ते ब्रेझल? ते बघणं?

"पोरी," गॅरेजात तिचं सगळं ऐकून बाबा हसले, "माणसाला मीटर लावून काही कळत नाही. तोंडानं विचार की!"

विचारायचं राहूनच गेलं. शनिवारी सकाळी फोन आला – "गाडी... पुन्हा."

लायलॅकच्या झुडपाखाली गाडी उभी. शेजारी बॅग.

"कुठं निघालात?"

"शहरात. मोठ्या चर्चमध्ये नोकरी देताहेत. दोन शुक्रवार तिथंच राहून वाजवून दाखवलं. आज बाराच्या आत सही करायची आहे."

म्हणजे दुसरी कुणी नाही! पण... म्हणजे हा चालला! हसावं की रडावं, तिला कळेना. ती बॉनेटखाली वाकली. इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. सेन्सरचा प्लग निघून लोंबत होता. वायरीवर दाताची एक खूण नाही. आणि हा प्लग खिटी अंगठ्यानं दाबल्याशिवाय निघत नाही.

"क्विरीन, मार्डरला अंगठा नसतो."

क्विरीननं आपला अंगठा मुठीत लपवला.

"मागच्या वेळी तुम्ही कुठं हात घातलात, ते पाहिलं होतं," तो पुटपुटला. "वाटलं, गाडीच निघाली नाही तर ठरवावंच लागणार नाही."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"तुम्ही आला नसतात, तर थांबून तरी काय करायचं होतं?"

वेरेनाचे हात थबकले. पार्ट मागवावा लागेल, सोमवार उजाडेल – एवढं म्हटलं की पुरे होतं. एक लहानसं खोटं, आणि तो इथंच... तिनं डोळे मिटले. मग प्लग दाबून बसवला. खट्!

"चालू करा."

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"झालं. आता गाडी तुला अडवणार नाही. मीही नाही. पण..." ती त्याच्याकडे वळली, "तू जाऊ नयेस असं मला वाटतं. रोज तुझे सूर कानी पडावेत, असं वाटतं. निघ आता, उशीर होईल."

ती पाठ फिरवून अवजारं गोळा करू लागली. आणि मागं एकाएकी सगळं शांत झालं. ती दचकून वळली.

"आता काय बिघडलं?"

"काही नाही," क्विरीन दार उघडून उतरत म्हणाला. "मीच बंद केली."