दंडावरचा फोड

महेंद्र मला पहिल्यांदा दिसला तोच ओरडताना!

१९९४चा जानेवारी. खर्ड्याजवळच्या उपकेंद्रात मी नुकतीच नर्स म्हणून रुजू झाले होते. ओट्यावर बायका लेकरं घेऊन बसलेल्या. मी लसीची बाटली उघडली, तेवढ्यात दुधाचा टेम्पो दारात थांबला आणि हा उतरला... कडेवर तान्ही पुतणी.

"ओ सिस्टर! काय टोचलंय हिला? बघा, दंड पिकलाय! सुया तरी उकळता का न्हाई?"

मी दंड पाहिला. मटारएवढा फोड, टोकाला पिवळसर. ताप नाही, काखेत गाठ नाही.

"ही क्षयाची लस. महिन्या-दीड महिन्यानं असा फोड येतोच. फुटतो, आपोआप सुकतो. वर काही लावू नका. आणि सुया मी स्वतः उकळते!"

पण ऐकतंय कोण? एकेक बाई पदर सावरत उठली. दुपारपर्यंत ओटा रिकामा. उघडलेली लस टिकत नाही, फेकून द्यावी लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं... रागानं!

संध्याकाळी मी तडक त्याच्या दारात गेले. तो टेम्पो धूत होता.

"तुमच्यामुळं आज एकाही बाळाला लस मिळाली नाही. त्यांना काही झालं तर तुम्ही उत्तर देणार?"

तो वरमला. "चुकलं माझं. पन सिस्टर, असा फोड येतो हे आमच्या वहिनीला कुनी सांगितलं का? पोर रडली की आमचा जीव जातो."

लस माझ्या आधीच्या सिस्टरनी दिली होती. त्यांनी सांगितलं नव्हतं. त्याचंही खरं होतं, म्हणून तर मी जास्तच चिडले.

"म्हणून चारचौघांत माझ्यावर ओरडायचं? माफी मागायची तर तिथंच मागा!"

पुढच्या लसीच्या दिवशी टेम्पोत दुधाच्या कॅनच्या जागी बायका आणि लेकरं! ओट्यावर उभा राहून महेंद्र म्हणाला, "सिस्टरची काय चूक न्हाई. मीच उगा बोंबललो. बघा, पोरीचा फोड सुकत आलाय."

मग मी प्रत्येक आईला आधी सगळं समजावलं आणि मगच सुई उचलली.

सगळ्या गेल्या, तरी तो तिथंच.

"आता काय?"

"पत्रा लागलाय हाताला..."

मी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. "दंड दुखेल दोन दिवस, थोडा सुजेल. सांगून ठेवते, नाहीतर याल परत ओरडत."

"न ओरडता आलो तर?"

मी कापूस शोधत राहिले... कापूस समोरच होता.

"आई म्हनती," तो हळूच बोलला, "पुनतांब्याला, तुमच्या घरी, जयभीम करायला, मागनी घालायला कधी येऊ?"

"आईला विचारलंत? आधी मला विचारायचं असतं!"

"तेच तर इचारतोय, दीपा..."

नावानं! सरळ नावानं! मी लाल झाले.

"रविवारी या. बाबा घरी असतात."

इतकं रागावून कुणी होकार दिला नसेल.