रंग न धरणारे हात

लिपस्टिकचा रंग कागदावर तपासायचा नाही, हा त्या कारखान्यातला जुना दंडक. कागद खोटं बोलतो, कातडी बोलत नाही. म्हणून कढईतून उतरलेल्या प्रत्येक घाण्याला रंगपारखी बाई काही कामगारांना बोलवायची, पांढऱ्या दिव्याखाली त्यांच्या मनगटावर रेघ ओढायची आणि मूळ नमुन्याशी ताडून पाहायची. तेवीस वर्षं हेच काम. चेहऱ्यापेक्षा हातांवरून तिला माणसं ओळखू यायची. कढईवाल्याचा हात भाजल्याच्या डागांचा, झाडणाऱ्या मावशींचा साबणानं सोललेला आणि पॅकिंगमधल्या तिच्या धाकट्या बहिणीचा बारीक, निळ्या शिरांचा.

कंपनीनं पुनर्रचना काढली, त्या आठवड्यात कढईवाल्याच्या हातावर रंग उठला नाही. बाईनं कांडी दाबून पुन्हा ओढली. कांडी झिजली, हात कोरडाच.

"कातडी निबर झालीय, बाई," तो हसला. "साहेबांच्या भाषणांनी."

दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. त्या आठवड्यात मावशींचं आणि आणखी दोघांचं असंच झालं. आधी हात कोरडा, मग पत्र.

जेवणाच्या सुट्टीत बाईनं कढईवाल्याचा विषय काढला. नऊ वर्षं त्याच्या हाताखाली राबलेला माणूस म्हणाला, कोण कढईवाला, कढई तर पहिल्यापासून मीच सांभाळतोय. बाई मनात म्हणाली, पोटासाठी माणूस काय काय विसरतो, देवा. पण चौथ्या दिवशी कढईवाला आपला डबा न्यायला आला, तेव्हा गेटवरचा वॉचमन, त्याचा सख्खा साडू, त्याला विचारत होता, कोणाकडे काम आहे आपलं?

ही हातांची गोष्ट पुनर्रचनेसाठी आलेल्या नव्या साहेबांच्या कानावर गेली. माणूस मोठा गोड बोलणारा. बाईला बोलावून त्यांनी दार लोटलं.

"याद्या करताना मला फार त्रास होतो हो, बाई. तुमची कांडीच सांगते म्हणे. तुम्ही फक्त उठला की नाही, तेवढं लिहून द्या."

नाही म्हणाली असती, तर पहिला हात तिचाच मागितला असता. बाई लिहू लागली. लोक तिच्यापुढे हात ठेवताना डोळे मिटून घ्यायचे. त्या 'नाही'खाली तिची सही असायची आणि साहेबांना शांत झोप लागायची.

मग पॅकिंगची पाळी आली.

धाकटीनं हात पुढे केला. नवऱ्यामागे आईकडे परतलेली ती वर्षभर अंथरुणातून उठली नव्हती. या पॅकिंगच्या पट्ट्यानं तिला पुन्हा माणसांत आणलं होतं. बाईनं सगळ्यात गडद लाल कांडी निवडली.

रेघ ओढली. काही नाही.

पुन्हा ओढली. कांडी अर्धी झाली.

"ताई, आटप ना. पट्टा थांबलाय."

तेवीस वर्षांत बाईनं कधी खोटं लिहिलं नव्हतं. तिनं लिहिलं, उठला.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगमधल्या पाच जणींना पत्रं मिळाली. धाकटीला नाही. पाप माझ्या माथी असू दे, पण पोर वाचली, असं म्हणून बाईनं कपाटाच्या दाराआड हात जोडले. दुपारभर तिला हलकं हलकं वाटत होतं. कशामुळे, ते मात्र तीन वाजता तिच्या लक्षातून गेलं.

सुटी झाल्यावर ती गेटवर अर्धा तास उभी होती. कुणाची वाट बघतोय आपण, ते तिला आठवेना. शेवटी एकटीच घरी आली.

आईनं तीन ताटं मांडली होती.

"दोघींना तीन कशाला गं, आई?"

आईचा हात वाढता वाढता थांबला. तिनं लेकीकडे बघितलं, मग लेकीच्या खांद्यावरून दाराकडे.

"उभी का तू?" आई दाराकडे बघत म्हणाली. "ये, हात धुऊन घे."

बाईनं वळून पाहिलं. दार सताड उघडं होतं, उंबऱ्यात कुणी नव्हतं. गार वारा येत होता, म्हणून तिनं दार ओढलं आणि कडी लावली.