डबीतला जुना प्रोसेसर

“त्रिकोण बघ! आधी त्रिकोण बघ!” खार ओरडली.

“बघतोय गं! डोळे आहेत मला!” प्रोफेसर म्हणाला.

“दोन नाही, चांगले चार आहेत!” दारातून भोपू खिदळली. खार दादाची धाकटी बहीण, तर भोपू म्हणजे शेजारची मुलगी. ती कानात काही सांगायला लागली, तरी जिन्यातल्या माणसाला ऐकू जायचं.

जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा अंथरला होता आणि पुठ्ठ्यावर नवाकोरा मदरबोर्ड पहुडला होता. दादानं टॉर्च धरला होता. प्रोफेसरनं नवा प्रोसेसर चिमटीत उचलला. त्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला आणि फुलपाखराला फुलावर बसवावं तसा तो अलगद सोडून दिला.

खार एकटक बघत होती. तिच्या पोटात लाल मुंग्यांचं अख्खं वारूळ जागं झालं होतं.

ही जागा तिची होती! सुट्टी लागण्याआधी रोज संध्याकाळी दादा आणि ती डोक्याला डोकं लावून बसायचे. कॉम्प्युटरवरच्या गेममधला घोडा उडी मारताना हवेतच थिजायचा, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, प्रोसेसर, बदलायला हवा. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डाला पेलणार नाही, म्हणजे बोर्डही हवा. कुणाच्या पिना कुणाच्या सॉकेटमध्ये बसतात, हे तिला पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. आणि मग सुट्टीला आत्याचा मुलगा, हा प्रोफेसर, आला. जाड चष्मा, जाड पुस्तकं आणि प्रत्येक वाक्यात ‘तांत्रिकदृष्ट्या’! दादाच्या डोक्याशेजारी आता त्याचं डोकं होतं. खारीच्या वाट्याला काय आलं? खोक्याचं सील कापायचं काम!

“हा घे तुला. खेळायला,” दादानं जुना प्रोसेसर तिच्या तळहातावर ठेवला होता.

खेळायला! ती काय बाळ होती? पण स्क्रू, स्प्रिंगा, तारांचे तुकडे, काहीच फेकवत नाही म्हणून तर तिला खार म्हणायचे. तिनं प्रोसेसरला गार ठेवणारी, वाळून गेलेली पेस्ट कापसानं पुसली, एकही पिन वाकणार नाही असा तो आपल्या डबीतल्या स्पंजवर निजवला, डबी मिटली आणि मनातल्या मनात गुणगुणली,

“जुन्या रे प्रोसेसरा, नीज डबीच्या कुशीत,
नवे आले पाहुणे, दादा त्यांच्याच खुशीत!”

“झालं! दाब बटण!” दादा म्हणाला.

पंखा भिरभिरला. पण पडदा काळा तो काळाच! बोर्डावर, प्रोसेसरच्या शेजारी, एक बारीक लाल दिवा तेवढा डोळे वटारून बघत राहिला.

पुन्हा बटण. पुन्हा काळोख.

बाबांनी दुकानदाराला फोन लावला. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. “पोरांनी बसवला? मग संपलंच! पिना वाकवल्या असतील. प्रोसेसर गेला. असला माल मी परत घेत नाही!”

बाबांचा चेहरा उतरला. “मी म्हणालो होतो, दुकानात बसवून घेऊ. ‘मामा, मी बसवतो, मी बसवतो’ कोण म्हणत होतं? हे खोकं आता सुट्टीभर कपाटात! आणि तुझ्या आईला सांगतो, उद्या येऊन घेऊन जा म्हणून.”

एरवी ज्याच्या तोंडाला कुलूप नसायचं, तो प्रोफेसर कोपऱ्यात जाऊन चष्मा पुसत बसला. पुसून झाला तरी पुसतच राहिला.

दादा खारीजवळ येऊन पुटपुटला, “चुकलंच माझं. प्रोसेसर तुझ्याच हातात द्यायला हवा होता.”

हेच! नेमके हेच शब्द ऐकायला ती आसुसली होती! आता गप्प राहायचं, बस्स. उद्या प्रोफेसर जाईल, दादा पुन्हा तिचा होईल. पण ते शब्द आतून किडलेल्या बोरासारखे लागले. वरून गोड, चावल्यावर कडू.

कारण तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती.

“बाबा,” ती म्हणाली, “त्याचं काही चुकलेलं नाही.”

“तुला काय माहीत?”

“मी बघत होते. त्रिकोण बरोब्बर जुळवला होता. बोटानं दाबलासुद्धा नाही, आपोआप बसला.”

“इतकं नीट बघत होतीस?” दादानं विचारलं.

खारीचे कान लाल झाले. “त्याची चूक सापडावी म्हणून बघत होते! पापणीसुद्धा लवली नाही माझी. सापडलीच नाही, काय करू?”

भोपू खो-खो हसली. प्रोफेसरनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच खारीकडे नीट पाहिलं.

“काढून बघू या!” तो उठला. प्रोसेसर बाहेर काढला. पिना शाळेच्या रांगेसारख्या ताठ! “मग उरला बोर्ड. तांत्रिकदृष्ट्या सॉकेट जुळतंय, पण बोर्ड आधी बनलाय आणि प्रोसेसर नंतरचा. बोर्डाच्या पोटात सुरुवातीच्या सूचना असतात, त्याला बायोस म्हणतात. तो नवा भरला नाही, तर बोर्ड या प्रोसेसरला ओळखतच नाही. पाहुणा दारात, आणि घरचे विचारतायत, कोण तुम्ही?”

“पण भरलाय ना!” दादानं खोकं पुढे केलं. त्यावर दुकानाच्या नावाचा गोल स्टिकर होता. ‘बायोस नवा केला आहे. नव्या प्रोसेसरसाठी तयार.’

खारीनं स्टिकर पाहिला. मग डबी उघडून सीलची कापलेली पट्टी बाहेर काढली. अर्थात तीसुद्धा तिनं ठेवली होती!

“दादा, हे कंपनीचं सील मी कापलं. आधी कुणीच फोडलं नव्हतं. मग दुकानदारकाकांनी खोकं न उघडता बायोस भरला कसा? फुंकर मारून?”

बाबांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, “चपला घाला!”

दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. काउंटरमागे तशाच खोक्यांची चळत होती आणि प्रत्येकावर तस्साच गोल स्टिकर! बाबा आपल्या बोर्डाचं खोकं घेऊन दाराशी थांबले. ठरल्याप्रमाणे भोपू पुढे झाली आणि तिनं आपला भोंगा सोडला, “काका! हे सगळे बोर्ड नव्या प्रोसेसरसाठी तयार आहेत का हो?”

“अलबत! एकेक बोर्ड माझ्या हातानं तयार केलाय!”

“या टेबलावर?” प्रोफेसरनं निरागसपणे विचारलं.

“याच टेबलावर!”

“खोकं उघडून?”

“न उघडता कसा होईल रे बाळा?” काका हसले.

“मग सगळ्यांची सीलं शाबूत कशी?” खारीनं विचारलं.

गिऱ्हाइकांच्या माना वळल्या. एका आजोबांनी आपलं खोकं डोळ्यांजवळ नेऊन सील तपासलं. काकांचं हसू अर्ध्यातच विरलं. त्यांनी डोकं खाजवलं.

“अरे देवा! त्याचं असं झालं... बायोस भरायला जुना प्रोसेसर लागतो. माझा एका मित्राला दिला होता. म्हटलं, तो येईपर्यंत स्टिकर तरी लावून ठेवू. मित्र काही आला नाही, आणि मी साफ विसरलो!”

“आणि फोनवर दोष मुलांना दिलात,” बाबा पुढे येत म्हणाले.

काकांनी कान पकडले. “चुकलो, साहेब! पण आत्ता करून द्यायचा, तर जुना प्रोसेसर आणू कुठून? उद्या...”

टक्! काउंटरवर डबी उघडली. स्पंजवर जुना प्रोसेसर सुखानं निजला होता.

काकांनी तो उजेडात धरला. “वा! एक पिन वाकडी नाही! कुणी सांभाळला हा?”

“आमच्या खारीनं!” दादा म्हणाला. हे ‘आमच्या’ तिच्या कानात किती तरी वेळ रुणझुणत राहिलं.

जुना प्रोसेसर नव्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये बसला आणि दुकानातला काळा पडदा पहाटेसारखा उजळला! निळी पट्टी हळूहळू सरकत शेवटाला पोचली. बायोस भरला. काकांनी बाकीच्या खोक्यांवरचे स्टिकर एकेक करून सोलून काढले.

“साहेब, मुलं हिऱ्यासारखी आहेत तुमची!” ते म्हणाले.

“हो,” बाबांनी प्रोफेसरच्या खांद्यावर हात ठेवला. “आणि मामानं भाच्यावर उगाच आवाज चढवला. सुट्टीभर राहायचंस, कळलं?” मग ते खारीकडे वळले. “आणि तू! गप्प राहणं सोपं होतं, तरी बोललीस. शाबास!”

घरी पुन्हा पुठ्ठा अंथरला गेला. दादानं नवा प्रोसेसर खारीपुढे धरला. “बसव. जागा तुझीच आहे.”

खारीनं त्रिकोणाला त्रिकोण जुळवला. प्रोसेसर अलगद बसला. प्रोफेसर तिच्या बोटांकडे टक लावून बघत होता.

“चूक शोधतोयस?” तिनं विचारलं.

“तांत्रिकदृष्ट्या, हो! सापडत नाहीये म्हणून जळतोय.”

खार खुदकन हसली. वारुळातल्या एक-दोन मुंग्या अजून वळवळत होत्या, नाही असं नाही! तिनं पेस्टची नळी उचलली, क्षणभर मुठीत घट्ट धरली आणि मग त्याच्यापुढे केली.

“घे, पेस्ट तू लाव. पण वाटाण्याएवढीच हं! मी बघतेय!”