अडतिसाव्या दिवसाची खाच

एकोणीसशे अठ्ठेचाळिसावं केशबीज लीलाधर झाडे यांच्या टाळूत रुजवून डॉ. इरावती पौनीकर सूक्ष्मदर्शकापासून मागे सरकली, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. नागपूरच्या केशसंवर्धन संस्थेतली ही शस्त्रक्रिया सकाळी सातला सुरू झाली होती. यंत्रहाताने टाळूला छिद्र पाडायचं, इरावतीने त्याचा कोन तपासायचा आणि मग बीज आत सोडायचं, असं आठ तास चाललं होतं.

केस लीलाधरांचे नव्हते. अकरा वर्षांपूर्वी तिरोड्याजवळच्या एका राइस मिलमध्ये बॉयलरची झडप फुटली आणि मेकॅनिक असलेल्या लीलाधरांच्या डोक्यावर वाफेचा लोट आला. मानेपर्यंतची कातडी गेली. जीव वाचला, पण डोक्यावर एकही केसमूळ उरलं नाही. तेव्हापासून त्यांनी दुपट्ट्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मुलीच्या लग्नातल्या एकाही फोटोत ते नाहीत. स्वतःच्या डोक्यावर मागे केस शिल्लक असतील तर ते पुढे लावता येतात. लीलाधरांपाशी मागेही काही नव्हतं. म्हणून बीजं दिली होती त्यांच्या मोठ्या भावाने, गोवर्धनरावांनी. एकसष्ट वर्षांचे, निवृत्त पोस्टमास्तर. केस दाट, किंचित लहरी, अजून निम्मे काळे.

मानेमागे पट्टी बांधलेले गोवर्धनराव बाहेर बसून होते. लीलाधरांना खोलीत हलवल्यावर त्यांनी इरावतीला आणि प्रतिकारशास्त्रज्ञ डॉ. फिरोज काझी यांना गाठलं. माझे केस त्याच्या डोक्यावर टिकणार कसे, हे मला नीट समजून घ्यायचं आहे, असं ते म्हणाले.

काझींना समजावून सांगायला आवडत असे. "शरीराचे पहारेकरी परकी पेशी दिसली की तिला मारतात," ते म्हणाले. "पण केसाचं मूळ पहारेकऱ्यांपासून तोंड लपवून राहतं. निसर्गानंच त्याला तशी सोय दिली आहे. आम्ही तिला ओळखकवच म्हणतो. आम्ही फक्त ते कवच जाड केलं. नव्वद दिवस ते टिकलं तर पहारेकऱ्यांना या मुळांची सवय होते आणि मग भीती नाही."

"आणि नाही टिकलं तर?"

"मोठा धक्का बसला की रक्तात ताणरस उसळतो आणि कवच फाटतं," इरावती म्हणाली. "पहारेकऱ्यांनी एकदा परकं तोंड पाहिलं की ते कधी विसरत नाहीत. सगळे केस जातात, आणि पुन्हा कुणाचेही लावले तरी राहत नाहीत."

असे तिच्या दोन रुग्णांचे केस गेले होते. एकाच्या मुलाला अपघात झाला, सव्विसाव्या दिवशी. दुसऱ्या बाईंना मुलगा गेल्याचा नुसता खोटा फोन आला होता. खुलासा दहा मिनिटांत झाला, पण तोवर कवच फाटलं होतं. तिसराही फसला तर संस्था ही पद्धत बंद करणार होती.

काझींनी आणखी एक गोष्ट सांगितली. रोज वाढणाऱ्या केसात त्या दिवशीचा ताणरस उतरतो. एक दिवस म्हणजे मिलिमीटरचा साधारण तिसरा भाग. नव्वद दिवसांनी दोन-तीन केस काढून त्यांवरून प्रकाशकिरण फिरवला की प्रत्येक दिवसाची नोंद वाचता येते. धक्क्याच्या दिवशी आलेखात खाच दिसते; जितका मोठा धक्का तितकी खोल. त्यांनी या वाचनाला केशलेख असं नाव दिलं होतं.

"म्हणजे केस माझे आणि रोजनिशी त्याची," गोवर्धनराव म्हणाले. दोन दिवसांनी ते तिरोड्याला परतले.

लीलाधर आणि त्यांच्या पत्नी शोभनाताई नव्वद दिवस संस्थेच्याच आवारातल्या निवासात राहणार होते. पहिले पाच दिवस लीलाधर आरामखुर्चीसारख्या पलंगावर अर्धवट बसून झोपले, मानेखाली गोल उशी घेऊन, कारण कुशीवर वळलं आणि डोकं घासलं तर बीज उपटून येतं. जागेपणी शोभनाताई दर अर्ध्या तासाने खारट पाण्याचा फवारा मारत. तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून उतरून डोळ्यांवर आली आणि लीलाधरांना आरशात आपलं तोंड ओळखू येईना. हे व्हायचंच, उतरेल, असं इरावतीने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ते घाबरले नाहीत. चौथ्या दिवसापासून डोकं धुणं सुरू झालं. फेस हातावर करून टाळूवर नुसता ठेवायचा, चोळायचा नाही, आणि तांब्याने कोमट पाणी हळूहळू सोडायचं. डोक्यातून घालायचे बनियन बंद झाले. शोभनाताईंनी पुढून बटणं असलेल्या चार बंड्या शिवून आणल्या. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. नागपूरच्या एप्रिलमध्ये याचा अर्थ दिवसभर कूलरसमोर बसणं असा होता.

खाज हा सगळ्यांत कठीण भाग. आठव्या दिवशी खपल्या सुटायला लागल्या तेव्हा लीलाधर दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसत. जुन्या पद्धतीत लावलेले केस तीन आठवड्यांत गळत आणि पुन्हा यायला तीन-चार महिने लागत. इथे बीज झोपी जातच नव्हतं. चौदाव्या दिवशी टाळू साफ झाली आणि तिच्यावर दाढीच्या खुंटांसारखे, ओळीने नव्हे तर मुद्दाम विखरून लावलेले, काळेपांढरे केस दिसले. शोभनाताई बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या की हे थेट भाऊजींचे केस आहेत.

रोज सकाळी नऊला गोवर्धनरावांचा फोन येई. दोघे भाऊ अर्धा-पाऊण तास बोलत. कधी गोवर्धनराव त्यांना फोनच्या पडद्यासमोर डोकं वळवून दाखवायला लावत. ताण उतरवायला संस्थेने दिलेला श्वासाचा व्यायामही ते फोनवरच करून घेत, आपणही करत.

एक्केचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी शोभनाताई इरावतीच्या खोलीत आल्या आणि उभ्याच राहिल्या. भाऊजी गेले, असं त्यांनी सांगितलं. पोटातली मोठी धमनी फुगली होती. बीजं घेताना रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, पण धमनीकडे पाहायचं कुणाला कारणच नव्हतं. पाठ दुखते म्हणून ते दवाखान्यात गेले, चार दिवसांत शस्त्रक्रिया ठरली, आणि आज दुपारी टेबलावरच ते गेले. लीलाधरांना आजाराचंही कळवलं नव्हतं. उद्या सकाळी अंत्यविधी होता.

"सांगू का त्यांना?" शोभनाताईंनी विचारलं.

इरावतीने काझींना बोलावून घेतलं. काझींचं म्हणणं स्पष्ट होतं. सख्ख्या भावाला खांदा द्यायचा की नाही, हे त्या माणसाने ठरवायचं. आपण त्याच्या वतीने ठरवणारे कोण? इरावतीने त्यांचं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की सांगणं म्हणजेच धक्का. विचारायला गेलो की निर्णय झालाच. केस गेले तर परत बीजं द्यायला गोवर्धनराव नाहीत, आणि असते तरी उपयोग नव्हता. भावाची जिवंत राहिलेली एवढी एकच गोष्ट त्या डोक्यावर आहे. ती घालवून मग त्यांना विचारायचं का, की तुम्हाला काय हवं होतं?

काझी म्हणाले, "तू बरोबर असशील. पण यात तुझा प्रयोगही आहे, हे लक्षात ठेव."

ते तिच्या लक्षात होतंच. ते बाजूला ठेवूनही उत्तर तेच येतं का, हे तिने तपासून पाहिलं आणि येतं असं स्वतःला सांगितलं. नव्वदाव्या दिवसापर्यंत गप्प राहायचं ठरलं. शोभनाताईंनी लीलाधरांना सांगितलं की भाऊजी अचानक मौनशिबिराला गेले, फोन वापरायची तिथे परवानगी नाही, आणि शिबिर झाल्यावर तिथेच सेवेला थांबणार आहेत. लीलाधर म्हणाले, "बरं."

त्यानंतरचे एकोणपन्नास दिवस इरावतीला मोठे वाटले. शोभनाताई चेहऱ्यावर हसू ठेवून वावरत. डोळे लाल झाले तर कूलरच्या वाऱ्यावर ढकलत. तेराव्याला जाता आलं नाही, म्हणून त्यांनी त्या दिवशी एकवेळ जेवण केलं आणि पोट बिघडल्याचं सांगितलं. लीलाधरांनी त्यांना लिंबूपाणी करून दिलं. भावाबद्दल ते क्वचितच विचारत. सकाळी नऊ वाजता ते खिडकीपाशी बसत आणि श्वासाचा व्यायाम एकटेच करत. इतका शिस्तीचा रुग्ण आपल्याला आजवर मिळाला नाही, अशी इरावतीने नोंद केली.

नव्वदाव्या दिवशी सकाळी काझींनी कवचाची तपासणी केली. पहारेकरी केसमुळांच्या शेजारून जात होते आणि थांबत नव्हते. पद्धत यशस्वी झाली होती. ठरल्याप्रमाणे तीन केस काढून केशलेख घेतला. दुपारी शोभनाताई नवऱ्याला बातमी सांगणार होत्या, इरावती जवळ थांबणार होती. त्याआधी काझींनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं.

पडद्यावर तीन रेषा होत्या. अडतिसाव्या दिवशी तिन्हींत खाच होती. इतर सगळे दिवस जवळजवळ सपाट होते.

"मोजण्यात तीन दिवस चुकलो का आपण?" इरावतीने विचारलं. तिला वाटलं, एक्केचाळिसाव्या दिवशी लीलाधरांना कुठून तरी कळलं असावं.

काझींनी नकारार्थी मान हलवली. मोजणीसाठी विसाव्या दिवशी मुद्दाम दिलेल्या औषधाची खूण केसांत बरोबर विसाव्याच दिवशी होती. मोजणी अचूक होती. खाच मध्यम होती, कवच फाटायला थोडी कमी पडलेली. आणि एक्केचाळिसाव्या दिवशी काहीच नव्हतं.

इरावती सरळ निवासात गेली. शोभनाताई दुकानात गेल्या होत्या. लीलाधर बंडीची बटणं लावत होते. तिने त्यांना विचारलं, अडतिसाव्या दिवशी काय झालं होतं? त्यांनी आधी शेवटचं बटण लावलं.

"केसांत दिसलं का?" ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी नऊच्या फोनवर गोवर्धनरावांनी शस्त्रक्रियेचं सगळं स्वतःच सांगून टाकलं होतं. एकदम नाही. आधी व्यायाम करून घेतला, मग थोडं सांगितलं, पुन्हा श्वास घ्यायला लावला, पुन्हा थोडं. शोभनाताई बाजारात गेल्या होत्या तोवर दीड तास हे चाललं. मी टेबलावरून उठेन असं डॉक्टरांना वाटत नाही, असं ते म्हणाले. मी गेलो तर तुझी माणसं तुझ्यासाठी लपवतील. त्यांना लपवू दे. तू यायचं नाहीस. हे केस सांभाळ.

"तुम्ही तेव्हाच निरोप घेतलात," इरावती म्हणाली.

"त्यांनी घेतला. मी श्वास मोजत होतो."

शोभनाताईंना हे कळू देऊ नका, अशी त्यांनी विनंती केली. एकोणपन्नास दिवस तिने जे ओझं वाहिलं ते फुकट गेलं, असं तिला वाटायला नको. ती सांगेल तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकतो आहे असं ऐकेन. इरावतीने मान्य केलं. तिच्या हातून एक गोष्ट लपवली गेली होती, आता दुसरी.

दुपारी शोभनाताई पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी लीलाधरांचा हात हातात घेतला. वाक्य त्यांनी बरेच दिवस तयार करून ठेवलं असावं, पण ते अर्ध्यातच तुटलं. "भाऊजी गेले हो," एवढंच त्या म्हणाल्या.  लीलाधर पुढे वाकले, तीन महिने वाकायची मनाई होती तेवढे वाकले, आणि पत्नीच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडले. शोभनाताईंचा हात त्यांच्या केसांवरून फिरत होता. दाराशी उभ्या असलेल्या इरावतीला वाटलं की हा माणूस फार चांगलं सोंग वठवतो आहे. अर्ध्या तासाने ती तिथून निघाली.

झाडे पती-पत्नी तिरोड्याला गेले आणि पंधरा दिवसांनी पहिल्या तपासणीला आले. लीलाधरांच्या डोक्यावर दुपट्टा नव्हता. काझींनी पुन्हा तीन केस काढले आणि संध्याकाळी अहवाल लिहायला बसले, तेव्हा इरावती शेजारी होती.

नव्वदाव्या दिवशी खाच होती. अडतिसाव्याच्या जवळजवळ चौपट खोल. याआधी दोन रुग्णांचे केस ज्या धक्क्यांनी गेले, त्याहूनही खोल. कवच पक्कं झालेलं होतं म्हणूनच एकही केस पडला नव्हता.



"कारणाच्या रकान्यात काय लिहू?" काझींनी विचारलं.

"भावाचं निधन."

"त्याची तारीख एक्केचाळिसाव्या दिवसाची आहे."

"त्या तारखेला त्यांच्या केसांत काहीही नाही," इरावती म्हणाली. "नव्वदावा दिवस लिहा."