सोमनाथनं कसलेला फिल्टर

श्रीधर देशपांडे यांची निळी मारुती तीन वर्षं छावणीतल्या त्यांच्या बंगल्यात ताडपत्रीखाली उभी होती. साहेब बँकेत. बदली नागपूरला झाली आणि गाडी इथंच राहिली. आता ते परत आले होते आणि त्यांच्या मुलीला, हिमानीला, गाडी शिकायची होती. म्हणून मे महिन्यातल्या एका सकाळी दोर बांधून ती नगर नाक्याजवळच्या काकासाहेबांच्या गॅरेजात आणली.

"ऑइल बदला, फिल्टर बदला, बाकी तुम्ही बघालच," देशपांडे म्हणाले. जरा थांबून त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी सोमनाथनंच केलं होतं ना सगळं? फार वाईट झालं हो."

"व्हय," काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

२०१६चं साल. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. वाळूजच्या रस्त्याला दर महिन्याला एक नवी इमारत उभी राहत होती, आणि नळाला पाणी येत होतं पाच दिवसांतून एकदा. त्या इमारतींवर मोठ्या अक्षरांत '२४ तास पाणी' लिहिलेलं असे आणि खाली टँकर उभा असे. लिहिणाऱ्याचं काय जातंय!

काकासाहेबांनी गाडी जॅकवर घेतली, आडवे होऊन खाली शिरले, जुनं ऑइल सोडलं. काळंकुट्ट ऑइल निवांत घमेल्यात पडत राहिलं. मग त्यांनी हातातल्या बॅटरीचा उजेड वर धरला. फिल्टरच्या डब्यावर पांढऱ्या रंगानं तारीख लिहिलेली होती: ११-५-१३. पाचाला घातलेली ती शेपटी फक्त एकच माणूस घालायचा.

बारा मे २०१३ला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, सोमनाथ देवगाव रंगारीला घरच्या शेतातल्या विहिरीत दरडीखाली गेला.

सोमनाथ काकासाहेबांचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. हात गुणी, पण एक खोड होती. फिल्टर बसवायची रीत साधी: रबरी कड्याला ऑइल लावायचं, हातानं फिरवत टेकवायचा, मग पाऊण फेरा, बस्स. पाना लावायचाच नाही. सोमनाथचं तेवढ्यानं समाधान होत नसे. 'गळायला नको, दादा,' म्हणत तो वरून पट्ट्याचा पाना लावून कसायचाच. पुढच्या वेळी तो फिल्टर उघडताना काकासाहेबांच्या नाकी नऊ येत. "तुझ्या हातचं उघडायला खुलताबादहून पैलवान बोलवू का?" ते ओरडायचे, आणि हा मेला नुसता हसायचा.

आता त्यांना तेच हसू आठवलं. सोमनाथच्या हातानं जगात शेवटचं कसलेलं ते एवढंच होतं, आणि ते सोडवायची पाळी त्यांच्यावर आली होती.

हातानं फिरेना. पॉलिश पेपर गुंडाळून फिरवला, फिरेना. पट्ट्याचा पाना घसरला. साखळीच्या पान्यानं पत्रा चेपला, पण फिल्टर जागचा हलला नाही. शेवटचा एक उपाय असतो, जाडजूड स्क्रूड्रायव्हर डब्यातून आरपार ठोकायचा आणि त्यालाच धरून पिळायचं. काकासाहेबांनी हातोडी उचलली, पांढऱ्या अक्षरांकडे पाहिलं आणि खाली ठेवली. त्यांचं मन होईना.

आडवं पडून जोर लागत नव्हता. उभं राहून खालून लावायला हवा होता, म्हणजे खड्ड्यात उतरायला हवं होतं.

गॅरेजच्या मधोमध गाडीखाली उभं राहण्यासाठी खड्डा होता, पुरुषभर खोल, चारी बाजूंनी सिमेंट केलेला. तीन वर्षं त्यावर फळ्या होत्या. कंबर धरते, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. कंबर ठणठणीत होती.

खरी गोष्ट दुसरीच होती, आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितलेली नव्हती. विहिरीचा तळ खोल करताना दोघं भाऊ आळीपाळीनं उतरायचे. एकानं खाली, एकानं वर दोरापाशी. त्या रविवारी पाळी काकासाहेबांची होती. काठावर उभं राहिल्यावर त्यांना पूर्वेच्या अंगाला नवी भेग दिसली, तिच्यातून बारीक मुरूम झरत होता. त्यांनी फोन कानाला लावला आणि वाळूजचं गिऱ्हाईक आहे, असं सांगितलं. फोन आलाच नव्हता. सोमनाथ म्हणाला, "बोला तुम्ही, मी उतरतो." आणि उतरला.

त्याला संध्याकाळी बाहेर काढलं. रात्री गावच्या स्मशानात नाही, आपल्याच शेतात अग्नी दिला. सोमनाथची बायको भागूबाई हिनं सकाळीच नवऱ्याला, आज नका उतरू, असं विनवलं होतं. काकासाहेबांनी सगळ्यांना सांगितलं, त्यानंच हट्ट केला. तिनं ते मान खाली घालून ऐकलं. आपला माणूस आपलं न ऐकता, हट्टानं गेला, हे दुःख ती तीन वर्षं एकटी उगाळताना दिसे. काकासाहेब पाहत होते आणि गप्प होते.

त्यांनी फळ्या काढल्या. जॅक उतरवून गाडी खड्ड्यावर ढकलली. दुपारचे तीन वाजले होते, रस्त्यावर टँकरचे हॉर्न वाजत होते, आणि ते उतरले.

खाली गार होतं. ओल्या मातीचा वास येत होता. वळवाचा एक थेंबही पडलेला नव्हता.

त्यांनी खडूनं फिल्टरवरून इंजिनावर एक सरळ रेघ ओढली, म्हणजे किती फिरला ते कळावं. पाना लावला, सगळा भार टाकला. फिल्टर करकरला आणि बोटभर फिरला. रेघ तुटली. त्यांनी सुस्कारा सोडला, नव्यानं पकड घ्यायला पाना काढला.

रेघ पुन्हा सरळ होती.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा बोटभर फिरवला. पाना काढला. रेघ सरळ.

तिसऱ्यांदा पाना काढलाच नाही, तसाच दाबून धरला. मग त्यांना ती उलटी ओढ जाणवली. झटका नव्हता. कुणीतरी वरून सावकाश, नेटानं, मनापासून कसत होतं.

मानेवर काहीतरी पडलं. त्यांनी चाचपून पाहिलं. मुरमाचा खडा होता.

दुसरा पडला.

"सोमनाथ," ते म्हणाले. "पाळी माझी व्हती. फोन आला नव्हता, बाबा. भेग दिसली व्हती मला. लई भ्यालो."

वरचे टँकर गप्प झाले.

पान्यावरची ओढ थांबली. काकासाहेबांनी डब्याला दोन बोटं लावली. फिल्टर फिरला आणि अलगद त्यांच्या हातात आला.

तो कोमट होता. गाडी तीन वर्षांत सुरू झालेली नव्हती.

त्यांनी तो घमेल्यात उलटा केला. ऑइलचा टिपूस नव्हता. ओला मुरूम पडला, मूठभर.

तिथंच, खड्ड्यात उभ्या उभ्या, त्यांनी देवगावला भागूबाईला फोन लावला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी त्यांना हुंदका आवरेना.

"तुला काय सांगू, भागूबाई. तुझ्यापुढं उभं राहायचं तोंड नाय मला."

"रडू नका, दादा," ती शांतपणे म्हणाली. "मला ठाऊक हाय. कवाच सांगितलं त्यांनी. पर तुमच्या तोंडून निघस्तोर विहिरीतून वर यायला तयार नव्हते."

पलीकडे हंड्यावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला, आणि ती फोनपासून तोंड वळवून कुणाला तरी हळूच "आले, आले" म्हणाली.

"ठेवते, दादा," भागूबाई म्हणाली. "ते पाणी मागतेत."